'पर्यंत' म्हणजे 'बाय' की 'टिल'?

मराठी माणसांनी लिहिलेलं इंग्रजी तपासणं हे माझं रोजचं काम. अहवाल, शोधनिबंध, नोकरीचे अर्ज, ऑफिसातल्या लांबलचक ईमेल, सगळंच येतं. स्पेलिंगच्या चुका आता संगणकच धरतो. क्रियापदाचा काळ चुकला तर लिहिणाऱ्यालाच दुसऱ्या वाचनात खटकतो. शेवटी माझ्या लाल पेनाला काम उरतं ते 'इन', 'ऑन', 'टु', 'फॉर', 'विथ' असल्या चिमुकल्या शब्दांचं, म्हणजे प्रिपोझिशन्सचं.

इतके मसुदे डोळ्यांखालून गेल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. या चुका कुणी निष्काळजीपणाने करत नाही. अतिशय काळजीने लिहिणारी माणसंही नेमक्या त्याच जागी, नेमक्या त्याच प्रकारे चुकतात. कारण वाक्य कागदावर इंग्रजीत उतरत असलं तरी आत मराठी व्याकरण आपलं काम चोख करत असतं. मग दुरुस्तीही मराठीपासूनच सुरू व्हायला हवी. शाळेत पाठ करायला देतात ती 'इन म्हणजे मध्ये, ऑन म्हणजे वर, टिल म्हणजे पर्यंत' ही यादी मला मनापासून नकोशी वाटते. घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते.

'पर्यंत'चंच बघा. ऑफिसच्या ईमेलमध्ये सर्रास दिसणारं वाक्य: 'प्लीज सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे.' लिहिणाऱ्याच्या मनात आहे 'शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवा'. मराठीत यात काहीच वावगं नाही. पण इंग्रजी वाचणाऱ्याच्या कानावर पडतं ते असं, की शुक्रवार उजाडेपर्यंत रिपोर्ट पाठवतच राहा. तिथे हवं होतं 'बाय फ्रायडे'.

मराठीतलं 'पर्यंत' दोन वेगळी कामं एकट्याने करतं. 'शुक्रवारपर्यंत थांबा' यात थांबणं ही क्रिया शुक्रवार येईतो अखंड चालू आहे. 'शुक्रवारपर्यंत पाठवा' यात पाठवणं एकदाच घडणार आहे, कधीही घडो, शुक्रवार उलटायच्या आत घडलं म्हणजे झालं. इंग्रजीने ही दोन कामं दोघांत वाटून दिली आहेत. चालू राहणाऱ्या गोष्टीला 'टिल' किंवा 'अनटिल', एकदा घडून संपणाऱ्या गोष्टीला 'बाय'. म्हणून थांबणं, राहणं, काम करणं, उघडं असणं यांच्याशी 'अनटिल' बसतं, आणि पाठवणं, पोचणं, संपवणं, ठरवणं यांच्याशी 'बाय'. माझी कसोटी सोपी आहे. 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' टाकून बघायचं. 'शुक्रवारच्या आत पाठवा' चालतं, तेव्हा 'बाय'. 'शुक्रवारच्या आत थांबा' चालत नाही, तेव्हा 'अनटिल'.

या कसोटीला एक शेपूट आहे, तेही सांगते. 'च्या आत' लावून बघितल्यावर काही जण 'विदिन फ्रायडे' लिहून मोकळे होतात. 'विदिन'ला कालावधी लागतो, 'आठवड्याच्या आत' म्हणजे 'विदिन अ वीक'. 'बाय'ला मुदतीचा दिवस किंवा तास लागतो. शिवाय नकार आला की पारडं फिरतं. 'शुक्रवारपर्यंत पाठवू नका' म्हणजे 'डोन्ट सेंड इट अनटिल फ्रायडे', कारण आता न पाठवणं ही स्थिती शुक्रवार येईपर्यंत चालू आहे. आणि 'बाय फ्रायडे'मध्ये शुक्रवार धरायचा का? एरवी धरतात. पण करारनामा लिहिणारे त्यावर विसंबत नाहीत. ते 'ऑन ऑर बिफोर' असं लिहितात, म्हणजे वादाला जागाच राहत नाही. मुदत महत्त्वाची असेल तिथे मीही तेच सुचवते.

ही अडचण मराठीपुरती नाही, हे आवर्जून सांगायचंय, कारण आपल्याकडे इंग्रजी चुकलं की माणूस उगाच ओशाळतो. जर्मन भाषेत 'बिस' हा एकच शब्द 'बाय' आणि 'अनटिल' या दोन्हींचं काम करतो, त्यामुळे इंग्रजी लिहिताना जर्मन माणूसही नेमका इथेच अडखळतो. त्यांचा 'झाइट' हा शब्द तर हुबेहूब आपल्या 'पासून'सारखा आहे.

'पासून' हा दुसरा मोठा कारखाना. 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.' नोकरीच्या अर्जात हे वाक्य इतक्या वेळा भेटतं की अर्ज उघडतानाच मी त्याची वाट बघते. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून' दोन्ही एकाच प्रत्ययात बसतात. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स', आणि लांबी सांगायची असेल तर 'फॉर'. व्याकरणाच्या पुस्तकांत याला 'पॉइंट ऑफ टाइम' आणि 'पीरियड ऑफ टाइम' म्हणतात, आणि मुलं ते पाठ करून परीक्षेत लिहितातही. लिहिता लिहिता मात्र ते कुणाला आठवत नाही.

मराठी कानाला याहून सोपी खूण मिळते. वाक्यातून 'पासून' काढून टाका आणि वाक्य उभं राहतं का बघा. 'तीन दिवसांपासून पाऊस पडतोय' मधून 'पासून' गेलं तर 'तीन दिवस पाऊस पडतोय' उरतं. झकास मराठी. इथे 'फॉर'. 'सोमवारपासून पाऊस पडतोय' मधून काढलं तर 'सोमवार पाऊस पडतोय' उरतं, ते कुणी बोलणार नाही. इथे 'सिन्स'. 'लहानपणापासून', 'सकाळपासून', 'तो गेल्यापासून', सगळीकडे 'पासून' निघत नाही, सगळीकडे 'सिन्स'. 'बऱ्याच वेळापासून'चं 'बराच वेळ' होतं, म्हणून 'फॉर अ लाँग टाइम'. जो फरक इंग्रजी दोन शब्दांनी दाखवते तो आपल्या कानाला आधीपासून कळतो, आपण फक्त तो कधी कामाला लावलेला नसतो. हे ज्याला एकदा दाखवलं त्याच्या लिखाणात ती चूक पुन्हा क्वचितच दिसते, आणि मला या कामातला सगळ्यात जास्त आनंद याचाच होतो.

एक गोष्ट मात्र वेगळी शिकावी लागते. 'सिन्स' सुरुवातीच्या क्षणापासून पुढे बघत येतो आणि आत्ताच्या क्षणापाशी थांबतो, निदान ज्या क्षणाबद्दल बोलणं चाललंय तिथे. त्यामुळे क्रियापदही 'हॅव बीन वर्किंग' असं घ्यावं लागतं. पुढच्या सोमवारपासून सुट्टी असेल तर तिथे 'सिन्स' नाही, 'फ्रॉम मंडे'.

आता येते ती गोष्ट, जी मला या सगळ्या विषयात सर्वांत रंजक वाटते.

'वुई डिस्कस्ड अबाउट द बजेट.' 'ही रिक्वेस्टेड फॉर लीव्ह.' 'दे अटॅक्ड ऑन द कॅम्प.' 'द रिपोर्ट एम्फसाइझेस ऑन सेफ्टी.' 'आय व्हिजिटेड टु द साइट.' 'शी मॅरीड विथ अ डॉक्टर.' या सहाही वाक्यांत एकेक प्रिपोझिशन फुकट खर्च झालंय. 'डिस्कस्ड द बजेट', 'रिक्वेस्टेड लीव्ह', 'अटॅक्ड द कॅम्प', बस, एवढंच हवं. शिक्षक सांगतात की 'डिस्कस'नंतर 'अबाउट' येत नाही, 'मॅरी'नंतर 'विथ' येत नाही, अशी क्रियापदं लक्षात ठेवा. पण का येत नाही, आणि आपण ते का घालतो, हे कुणी सांगत नाही. या सहा चुकांचं मूळ एकच आहे.

या वाक्यांची मराठी करून बघा. बजेटवर चर्चा केली. रजेसाठी विनंती केली. छावणीवर हल्ला केला. सुरक्षिततेवर भर दिला. साइटला भेट दिली. डॉक्टरशी लग्न केलं. प्रत्येक ठिकाणी आपलं क्रियापद दोन तुकड्यांचं आहे, एक नाम आणि पुढे करणं किंवा देणं. चर्चा, विनंती, हल्ला, भर, भेट, लग्न ही सगळी नामं. आणि नाम आलं की त्याला जोडायला 'वर', 'साठी', 'ला', 'शी' असा काहीतरी दुवा लागणारच. इंग्रजीतही नाम वापरलं तर दुवा लागतो: 'अ डिस्कशन अबाउट', 'अ रिक्वेस्ट फॉर', 'अ‍ॅन अटॅक ऑन', 'एम्फसिस ऑन', 'अ व्हिजिट टु', 'मॅरेज टु'. पण इंग्रजीकडे त्याच अर्थाची सलग, एकसंध क्रियापदं आहेत, आणि ती आपल्या कर्माला थेट धरतात. मधल्या दुव्याची त्यांना गरजच नाही. आपण मनात नामाचं वाक्य बांधतो, कागदावर क्रियापद उतरवतो, आणि नामाचा दुवा तसाच मागे राहून जातो.

एकदा हे दिसलं की अख्खी माळच हाती लागते. प्रवेश करणं, 'एंटर', म्हणून 'एंटर्ड द रूम', पण 'एंट्री इन्टु द रूम'. उत्तर देणं, 'आन्सर', म्हणून 'आन्सर द क्वेश्चन', पण 'अ‍ॅन आन्सर टु द क्वेश्चन'. मागणी करणं, 'डिमांड'. संपर्क साधणं, 'काँटॅक्ट', म्हणून 'काँटॅक्ट द मॅनेजर', पण 'काँटॅक्ट विथ द मॅनेजर'. विरोध करणं, 'अपोझ', पण 'अपोझिशन टु'. ऑर्डर देणं, 'ऑर्डर', पण 'अ‍ॅन ऑर्डर फॉर'. मी मसुद्यात असं वाक्य आलं की समासात एवढंच विचारते: इथे नाम आहे की क्रियापद? बहुतेकांना तेवढा इशारा पुरतो. 'एंटर इन्टु अ काँट्रॅक्ट' सारखे अपवाद आहेत, करारात शिरणं आणि खोलीत शिरणं इंग्रजी वेगळं मानते. सगळीच इंग्रजी क्रियापदं अशी थेट धरणारीही नाहीत. 'लिसन'ला 'टु' लागतो, 'वेट'ला 'फॉर' लागतो, आणि तिथे आपण उलट विसरतो, कारण मराठीत 'गाणी ऐकतो'. तरीही वर सांगितलेला एक धागा धरला तर दिसणाऱ्या चुकांचा मोठा गठ्ठा एकदम सुटतो.

एवढं ओझं या छोट्या शब्दांवर आलं कुठून, हेही बघण्यासारखं आहे. जुनी इंग्रजी आपल्यासारखीच विभक्तीची भाषा होती. नामाचा शेवट बदलायचा आणि त्यावरून ते वाक्यात काय करतंय ते कळायचं. ते प्रत्यय हळूहळू झिजले. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्याच्या आधीच झीज सुरू झाली होती, पुढच्या दोनअडीचशे वर्षांत बहुतेक प्रत्यय गळून पडले. उरलं ते स्वामित्व दाखवणारं 'स', आणि 'हिम', 'देम', 'हूम' सारखी सर्वनामांची रूपं. म्हणून तर आजही 'बिटवीन यू अँड मी' म्हणावं लागतं, 'आय' नाही. प्रत्ययांचं काम मग शब्दांची जागा आणि प्रिपोझिशन्स यांनी उचललं. विसाव्या शतकातल्या ब्राउन कॉर्पस या संग्रहात 1961 मध्ये छापलेल्या अमेरिकन मजकुरातले सुमारे 10 लाख शब्द मोजलेले आहेत. त्यात पहिला नंबर 'द'चा, जवळपास 7 टक्के. दुसरा 'ऑफ'चा, सुमारे साडेतीन टक्के. पहिल्या सहांत 'टु' आणि 'इन'ही आहेत. म्हणजे पानभर इंग्रजी लिहायचं तर यांना चुकवून जाताच येत नाही.

काम वाढलं तसे अर्थही सरकले. 'विथ'चा जुना अर्थ 'च्या विरुद्ध' असा होता. 'विथस्टँड'मध्ये, म्हणजे विरोधात टिकून राहण्यात, तो अजून शाबूत आहे, 'फाइट विथ'मध्येही. 'च्या सोबत' यासाठी तेव्हा 'मिड' हा शब्द होता. तो गेला, पण 'मिडवाइफ'मध्ये, म्हणजे बाळंतिणीच्या सोबत असणारी बाई या अर्थाच्या शब्दात, राहून गेला. आपल्या 'शी'चं गणितही असंच नाही का? शत्रूशी लढतो आणि मित्राशी बोलतो. 'ही फॉट विथ द सोल्जर्स' हे वाक्य मसुद्यात आलं की मी थांबते. सैनिकांच्या विरुद्ध लढला की त्यांच्या बाजूने? संदर्भ स्पष्ट नसेल तर 'अगेन्स्ट' किंवा 'अलाँगसाइड' लिहायला सांगते. 'टिल'बद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की तो 'अनटिल'चा संक्षेप. खरं तर 'टिल' जुना आहे आणि 'अनटिल' त्यातून पुढे बनला. त्यामुळे 'टिल'च्या आधी वरचा स्वल्पविराम देण्याची काहीच गरज नाही.

'वर'कडे वळू. टेबलावर पुस्तक, टेबलाच्या वर दिवा. मराठीत या दोन वाक्यांतला फरक आपण न शिकता पाळतो. 'टेबलावर' म्हटलं की टेकलेलं, 'टेबलाच्या वर' म्हटलं की मधे मोकळी जागा. इंग्रजीत पहिलं 'ऑन', दुसरं 'ओव्हर' किंवा 'अबव्ह'. 'ऑन'चा प्राण आहे स्पर्श, उंची नव्हे. म्हणून माशी छताला खालून चिकटलेली असली तरी 'ऑन द सीलिंग', चित्र भिंतीला लटकलेलं असलं तरी 'ऑन द वॉल'. मराठीत आपण छताला, भिंतीला, भिंतीवर असं काहीही म्हणतो. इंग्रजीत स्पर्श दिसला की 'ऑन' आठवावा. राग मात्र या हिशेबात बसत नाही. आपण माणसावर रागावतो, म्हणून 'अँग्री ऑन मी' येतं. इंग्रजीत माणसावरचा राग 'विथ'ने जातो, परिस्थितीवरचा 'अबाउट'ने. याचं कारण शोधत बसू नये. 'अँग्री विथ' हा एकच शब्द समजून तोंडात बसवावा.

'इन', 'ऑन', 'अ‍ॅट' या त्रिकुटाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात उरकते. जागा असो की वेळ, 'अ‍ॅट'ला टिंब दिसतं, 'ऑन'ला पृष्ठभाग किंवा तारीख, 'इन'ला वेढणारी जागा किंवा लांब कालखंड. पाच वाजता 'अ‍ॅट', सोमवारी 'ऑन', जूनमध्ये 'इन'. 'इन द मॉर्निंग' पण 'ऑन मंडे मॉर्निंग', कारण दिवसाचं नाव आलं की 'ऑन' जिंकतो. 'अ‍ॅट नाइट' तसंच्या तसं पाठ करावं. गाडीत 'इन द कार', बसमध्ये 'ऑन द बस', कारण बस, ट्रेन, विमान, जहाज यांत चढून आत चालता येतं, कारमध्ये नुसतं बसता येतं. 'ऑन टाइम' म्हणजे ठरल्या वेळेला, 'इन टाइम' म्हणजे उशीर होण्याआधी. शनिवार-रविवारी ब्रिटिश माणूस 'अ‍ॅट द वीकेंड' म्हणतो, अमेरिकन 'ऑन द वीकेंड'. दोन्ही बरोबर, एका मजकुरात एकच ठेवा म्हणजे झालं.

याहून जास्त वेळ मी घालवते 'अ‍ॅट' आणि 'टु' यांच्यातल्या एका फरकावर, कारण त्यात माणसाचा हेतू उघड होतो. 'शी थ्रू द बॉल टु मी' म्हणजे मी झेलावा म्हणून माझ्याकडे टाकला. 'शी थ्रू द बॉल अ‍ॅट मी' म्हणजे मला लागावा म्हणून फेकला. 'शाउट टु' म्हणजे लांबून ऐकू जावं म्हणून ओरडून सांगणं, 'शाउट अ‍ॅट' म्हणजे अंगावर ओरडणं. 'अ‍ॅट' समोरच्याला निशाणा करतो, 'टु' त्याला घेणारा मानतो. एका तक्रार अर्जात लिहिलेलं होतं की वरिष्ठ 'शाउटेड टु मी'. अर्जदाराचा सगळा मुद्दाच त्या एका शब्दाने पुसला गेला होता. वाचणाऱ्याला वाटलं असतं, कारखान्यात आवाज असेल म्हणून ओरडून सांगितलं.

आता गाळलेली प्रिपोझिशन्स. ही चूक लवकर दिसत नाही, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

'धिस इज द हाउस आय लिव्ह.' 'द क्लायंट आय स्पोक यस्टरडे हॅज रिप्लाइड.' पहिल्यात शेवटी 'इन' हवं, दुसऱ्यात 'स्पोक'नंतर 'टु'. मराठीत 'मी घरात राहते' म्हणताना 'त' लागतोच. पण तेच वाक्य नामाला जोडलं की 'मी राहते ते घर' होतं आणि 'त' चक्क नाहीसा होतो. 'मी काल बोलले तो माणूस', 'मी लिहिते ते पेन', 'आम्ही बसलो होतो ती खोली'. कुठेही 'शी' नाही, 'ने' नाही, 'त' नाही, आणि कुणाचं काही अडत नाही. ऐकणारा अर्थ भरून घेतो. इंग्रजीत ही मुभा नाही. तिथे घर पुढे उचलून नेलं तरी 'इन' आपल्या जागेवर बसून राहतो: 'द हाउस आय लिव्ह इन', 'द पेन आय राइट विथ', 'द रूम वुई वेअर सिटिंग इन'. आपला प्रत्यय नामाला घट्ट चिकटलेला असतो, त्याला एकट्याने मागे राहणं जमतच नाही. 'कशाकडे बघतोस?' याचं 'कशा बघतोस कडे?' होऊच शकत नाही. इंग्रजीत 'व्हॉट आर यू लुकिंग अ‍ॅट?' हे रोजचं बोलणं आहे.

इथे दुसऱ्या बाजूने एक भीती आड येते. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन ठेवू नये, असं पुष्कळांना शाळेत बजावलेलं असतं. ही भीती जुनी आहे. जॉन ड्रायडन या कवीने 1672 मध्ये बेन जॉन्सनच्या लिखाणातल्या अशा शेवटांना दोष दिला होता. रॉबर्ट लाउथने 1762 च्या आपल्या व्याकरणात प्रिपोझिशन आधी आणणं जास्त डौलदार असं म्हटलं, पण आपल्या भाषेचा ओढा शेवटी ठेवण्याकडेच आहे हेही मान्य केलं, आणि गंमत म्हणजे हे सांगणारा त्याचा उपवाक्याचा तुकडाही 'टु'नेच संपतो. 1926 मध्ये इंग्रजीच्या वापराचा कोश लिहिणाऱ्या हेन्री फाउलरने तर ही बंदी म्हणजे जपलेली अंधश्रद्धा असल्याचं लिहून टाकलं. तरी ती अजून वर्गावर्गांत शिकवली जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं. या भीतीमुळे दोन प्रकारचं नुकसान होतं. कुणी प्रिपोझिशन गाळूनच टाकतं, आणि कुणी दोन्हीकडे घालतं: 'द हाउस इन विच आय लिव्ह इन'. औपचारिक लिखाणात 'इन विच आय लिव्ह' सुंदर दिसतं, ते जरूर वापरा. पण मग शेवटचं 'इन' काढा. ईमेलमध्ये 'द हाउस आय लिव्ह इन' पुरेसं आहे आणि पूर्ण शुद्ध आहे.

तपासायची पद्धत अशी: जोडलेलं वाक्य सोडवून साधं करायचं. 'द क्लायंट आय स्पोक' याचं साधं वाक्य काय? 'आय स्पोक टु द क्लायंट.' 'टु' निघाला, म्हणजे जोडवाक्यातही तो हवाच. 'द बुक आय रेड' याचं 'आय रेड द बुक', मधे काही निघालं नाही, म्हणजे काही घालायचं नाही.

'लुक'बद्दल थोडं. 'लुक अ‍ॅट', 'लुक फॉर', 'लुक आफ्टर', 'लुक अप' हे चौघे दिसायला एकसारखे, पण 'लुक अप'मधला 'अप' वेगळ्या जातीचा आहे. 'लुक द वर्ड अप' चालतं, 'लुक द वर्ड अ‍ॅट' चालत नाही. सर्वनाम आलं तर 'लुक इट अप' असंच म्हणावं लागतं. जो शब्द नामाच्या पलीकडे सरकू शकतो तो इथे प्रिपोझिशन नाही, क्रियापदाचाच तुकडा आहे. 'रॅन अप द हिल' आणि 'रॅन अप अ बिल' शेजारी ठेवून बघा. टेकडी चढून जाणं वेगळं, बिल वाढवत नेणं वेगळं. 'रॅन द बिल अप' म्हणता येतं, टेकडीचं तसं करता येत नाही.

आणि शेवटी ईमेलच्या शेवटच्या ओळीत बसलेली चूक: 'लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू.' इथे दोन वेगवेगळे 'टु' एकमेकांत मिसळतात. 'आय वाँट टु मीट यू' यातला 'टु' क्रियापदाच्या मूळ रूपाला लागणारा. 'लुक फॉरवर्ड टु' यातला 'टु' खरा प्रिपोझिशन, आणि प्रिपोझिशनला पुढे नाम किंवा नामासारखं वागणारं रूप लागतं. म्हणून 'मीटिंग यू'. ओळखायचं कसं? 'टु'च्या पुढे साधं नाम ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टु द ट्रिप' चालतं, म्हणून क्रियापद आलं तर 'आयएनजी' लावा. 'आय वाँट टु द ट्रिप' चालत नाही, म्हणून तिथे क्रियापदाचं मूळ रूप. 'ऑब्जेक्ट टु', 'कमिटेड टु', 'अकस्टम्ड टु' हे सगळे पहिल्या गटातले. 'यूज्ड टु' मात्र दोन्हीकडे आहे. 'आय यूज्ड टु ट्रॅव्हल' म्हणजे पूर्वी प्रवास करायचे, आता नाही. 'आय अ‍ॅम यूज्ड टु ट्रॅव्हलिंग' म्हणजे प्रवासाची सवय आहे, अजूनही. नोकरीच्या अर्जात सतत फिरतीची तयारी आहे असं सांगायचं असेल तर यातलं दुसरं लिहा. पहिलं लिहिलंत तर वाचणारा समजेल, तुम्ही फिरती सोडून दिली आहे.